बोलणं आधी, तपासणी नंतर: इंग्लंडच्या एनएचएस एफजीएम क्लिनिकचं परीक्षण

सप्टेंबर २०१९मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, लहानपणी खतना झालेल्या, म्हणजे बाह्य जननेंद्रियाचा भाग कापला गेलेल्या बायकांसाठी (इंग्रजीत याला एफजीएम म्हणतात) आठ खास क्लिनिक सुरू करत असल्याचं जाहीर केलं. त्यांतली सर्वाधिक लंडनमध्ये, बाकीची बर्मिंगहॅम, ब्रिस्टल आणि लीड्समध्ये. इंग्लंडला याची गरज त्याआधी कळली नव्हती असं नाही. लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलात १९९३मध्ये आणि गाय्ज अँड सेंट थॉमसमध्ये १९९७मध्ये ‘आफ्रिकन वेल वुमन’ क्लिनिक निघाली होती. त्यांतलं दुसरं उभं करणाऱ्या मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) कम्फर्ट मोमोह यांचं नाव या क्षेत्रात आजही आदराने घेतलं जातं. पण पुढे इतरत्र जी व्यवस्था वाढली ती मुख्यतः प्रसूती विभागाला धरून. बाई गरोदर राहिली, हॉस्पिटलात नाव घातलं, मिडवाइफने विचारलं, तेव्हा कुठे विषय निघायचा. लग्न न झालेली तरुणी, मूल नको असलेली बाई, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली आजी, यांनी कुठे जायचं? नवी क्लिनिक नेमकी यांच्यासाठी आहेत. वय १८ किंवा जास्त आणि गरोदर नसणं, एवढ्याच अटी.

आमचं मत आधीच सांगतो. दाराशी मिळणारी वागणूक आणि शस्त्रक्रिया या दोन्हींत या सेवेची रचना अव्वल आहे. मनाच्या उपचारात ती योग्य वाटेवर आहे, पण लवकर थांबते. आणि सरकारी नोंदींच्या बाबतीत व्यवस्थेने स्वतःच्याच दारात अडसर घालून ठेवला आहे.

कोणासाठी

युनिसेफच्या २०२४च्या अंदाजानुसार जगात आज २३ कोटींहून अधिक मुली-बायका अशा आहेत की ज्यांच्या बाह्य जननेंद्रियाचा काही भाग वैद्यकीय कारण नसताना कापला गेला आहे. त्यांतल्या १४ कोटींहून अधिक आफ्रिकेत, ८ कोटींहून अधिक आशियात. इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या अशा बायकांचा २०१५चा अंदाज १,३७,००० होता. तो २०११च्या जनगणनेवर बेतलेला होता, त्यामुळे आज तो जुनाच म्हणायचा.

जागतिक आरोग्य संघटना याचे चार प्रकार मानते. पहिल्यात शिश्निका (क्लिटोरिस) किंवा तिच्यावरचं आवरण कापतात, दुसऱ्यात त्याबरोबर योनीचे आतले ओठही. तिसऱ्यात ओठांच्या कडा कापून एकमेकींना जोडतात आणि लघवी व पाळीपुरतं लहानसं छिद्र ठेवतात. टोचणं, चिरणं, डागणं हे सगळं चौथ्यात. सोमालिया, सुदान, जिबूती इथल्या बायकांमध्ये तिसरा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. गांबिया, सिएरा लिओन, नायजेरिया इथे पहिला-दुसरा जास्त.

प्रकार मोठा म्हणजे मनावरचा आघात मोठा, असं सरळ गणित मात्र मांडता येत नाही. किती कापलं याइतकंच महत्त्व या गोष्टींना असतं: तेव्हा वय किती होतं, आठवण शाबूत आहे का, फसवून नेलं की सांगून, हातपाय कोणी धरले, ओरडल्यावर काय ऐकायला मिळालं. अगदी तान्हेपणी खतना झालेल्या बाईला प्रसंग आठवत नाही, पण तपासणीच्या टेबलावर अंग का आखडतं हेही तिला उमगत नाही. आठव्या वर्षी झालेलीला खोलीतल्या पडद्याचा रंगही आठवत असतो.

आत शिरायचं कसं

इथे या सेवेला पूर्ण गुण. जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, बाई स्वतः फोन करून वेळ घेऊ शकते. ज्या बाईला फॅमिली डॉक्टरसमोर हा विषय काढायचाच नाही तिच्या दृष्टीने ही अर्धी लढाई आहे. कित्येकींचा डॉक्टर त्यांच्याच समाजातला असतो, रिसेप्शनवर ओळखीची मुलगी बसलेली असते.

पैशाचं म्हणाल, तर इथे राहणाऱ्या कुठल्याही बाईकडून या उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. परदेशी नागरिकांकडून हॉस्पिटलचं शुल्क घेण्याचे जे २०१५चे नियम आहेत, त्यांत खतन्यामुळे झालेल्या शारीरिक वा मानसिक त्रासावरच्या उपचाराला सूट आहे. व्हिसा कोणताही असो, संपलेला असो, आश्रयाचा अर्ज फेटाळलेला असो. अट एवढीच की त्या उपचारासाठी म्हणून ती देशात आलेली नसावी. ही गोष्ट फार कमी बायकांना माहीत असते, आणि बिलाच्या धास्तीने त्या फिरकत नाहीत.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवावा. कमी उत्पन्न असलेल्यांना हॉस्पिटलला जायच्या भाड्याचे पैसे परत देणारी एनएचएसची योजना आहे, पण ती डॉक्टरने पाठवलेल्या रुग्णाला धरून चालते. स्वतःहून वेळ घेतली तर भाडं मागताना अडचण येऊ शकते. प्लिमथहून ब्रिस्टल किंवा न्यूकासलहून लीड्स गाठायचं तर तिकीट स्वस्त नाही. जीपीशी बोलण्याची तयारी असेल तर चिठ्ठी घेतलेली बरी. एकूणच चार शहरांबाहेर राहणाऱ्यांसाठी ही सेवा दूरची आहे, आणि याच बायकांना घरात कोणाला न सांगता दिवसभर बाहेर राहणं सगळ्यात अवघड जातं.

पहिली भेट

जीपीकडे एका रुग्णाला साधारण दहा मिनिटं मिळतात. इथे पहिली भेट निवांत असते, आणि चांगल्या क्लिनिकमध्ये त्या दिवशी तपासणी झालीच पाहिजे असा हट्ट नसतो. खोलीत एक मिडवाइफ किंवा नर्स असते आणि तिच्याबरोबर त्याच समाजांतून आलेली, प्रशिक्षण घेतलेली आरोग्य-साहाय्यिका. ही साहाय्यिका या रचनेतला सगळ्यात मोलाचा भाग आहे. चहा पुढे करत ती सोमाली बाईशी ‘गुदनीन’ म्हणून बोलते, सुदानी बाईशी ‘तहूर’ म्हणून. विषय परका राहत नाही.

प्रश्नांचा क्रम फार महत्त्वाचा. आधी लघवीला वेळ किती लागतो, पाळीत किती दुखतं, वारंवार जंतुसंसर्ग होतो का. हे प्रश्न शरीराचे असतात, त्यांना उत्तर देणं सोपं जातं. मग झोप, दचकून जागं होणं, विशिष्ट वास किंवा आवाज टाळणं, नवऱ्याजवळ जाताना काय होतं. आणि शेवटी, बाईची इच्छा असेल तर, त्या दिवसाबद्दल. क्रम उलटा झाला की काय होतं? तोंड मिटतं, आणि दुसरी भेट होतच नाही.

दुभाष्याची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण घोळ बहुतेक वेळा तिथे होतो. दुभाषी बाईच हवी, घरची नको, आणि शक्यतो त्या शहरातली नको. ब्रिस्टलमधला सोमाली समाज काही इतका अफाट नाही की समोर बसलेली दुभाषी तिच्या नणंदेच्या ओळखीची निघणारच नाही. अशा वेळी दुसऱ्या शहरातून फोनवर बोलणारी, नाव न विचारणारी दुभाषी जास्त सोयीची. खोलीत माणूस असण्याची ऊब फोनला नाही हे खरं, पण बाईला आधी खात्री हवी असते की ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत चघळली जाणार नाही.

तपासणीच्या टेबलावर

खतना झालेल्या कित्येक बायका २५ ते ६४ या वयोगटासाठी असलेली गर्भाशयमुखाची स्मिअर टेस्ट वर्षानुवर्षं टाळतात. कारण सरळ आहे. पाठीवर झोपवणं, गुडघे फाकवणं, कोणीतरी पायांशी उभं राहणं, धातूची वस्तू, औषधाचा वास: मूळ प्रसंगातल्या कितीतरी गोष्टी तिथे जशाच्या तशा हजर असतात.

नेहमीच्या दवाखान्यात होणारी चूक अशी. बाई टेबलावर झोपते, नर्स विचारते, “ठीक आहे ना?” बाई काहीच बोलत नाही. नजर छताच्या एका ठिकाणी रुतलेली, हात थंडगार, श्वास वरच्यावर. पाय हलवायला सांगितलं तर यंत्रासारखे हलवते. नर्सला वाटतं, किती सहकार्य करते ही. प्रत्यक्षात बाई त्या खोलीत नसतेच. लहानपणी वेदना सोसवेना तेव्हा मन जसं शरीर सोडून बाजूला झालं होतं, तसंच ते आताही झालेलं असतं. या शांततेला होकार समजून तपासणी पुढे रेटली, तर मूळ जखमेवर आणखी एक जखम होते. घरी गेल्यावर चार दिवस झोप नाही, आणि पुढची दहा वर्षं दवाखान्याचं तोंड नाही.

या क्लिनिकच्या मंडळींना हे ओळखायला शिकवलेलं असतं. थांबायचा इशारा आधीच ठरतो, हात वर करणं किंवा एखादा शब्द. चादर पूर्ण काढायची नाही. पायांना आधार देणारे लोखंडी रकाब वापरायचे नाहीत. स्पेक्युलम, म्हणजे तपासणीसाठी योनी उघडी धरायचं साधन, लहान, कोमट केलेला, आणि तो स्वतः आत सरकवण्याची मुभा बाईला. विद्यार्थी नाहीत, कोणी मध्येच दार उघडून डोकावत नाही. नजर हरवली की हातातलं बाजूला ठेवून तिला बसतं करायचं, पाय जमिनीला टेकवायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगायची, आजची तारीख आणि ती कुठल्या शहरात आहे ते मोठ्याने बोलायचं. पुढचं पुढच्या वेळी.

मग आरसा. हातात एक छोटा आरसा देऊन, बाईची तयारी असेल तरच, काय आहे आणि काय नाही ते तिला दाखवलं जातं. पन्नाशी गाठलेल्या बायकांनीही आपलं अंग तोवर पाहिलेलं नसतं. त्यांच्या मनातलं चित्र वास्तवापेक्षा भीषण असतं. शिश्निकेचा बाहेर दिसतो तो फक्त शेंडा, तिचा बराच मोठा भाग आत असतो आणि तो कापलेला नसतो. तिसऱ्या प्रकारात तर अनेकींची शिश्निका व्रणाखाली शाबूत सापडते. “सगळं संपलंय” हे गृहीत धरून जगलेल्या बाईला ही माहिती देणं हाच एक उपचार आहे. त्याला औषध लागत नाही, फक्त वेळ आणि एक नीट काढलेली आकृती लागते.

शस्त्रक्रिया, आणि तिच्याआधी सांगायच्या गोष्टी

तिसऱ्या प्रकारातली शिवण उघडणं ही लहान शस्त्रक्रिया आहे. बधिर करणारं इंजेक्शन देऊन मधल्या व्रणावर सरळ छेद घेतात, लघवीचा मार्ग मोकळा दिसेपर्यंत, आणि दोन्ही कडा वेगवेगळ्या शिवतात म्हणजे त्या परत चिकटत नाहीत. टाके आपोआप विरघळतात. बाई त्याच दिवशी घरी जाते. ज्यांना त्या जागी सुईच्या विचारानेही जुना प्रसंग आठवतो, त्यांना कमरेतून किंवा पूर्ण भूल देण्याची सोय असायला हवी. ही सोय सहज मिळेल का, हे आधीच विचारून घ्यावं.

घरी कोमट पाण्यात बसणं, टिपून कोरडं करणं, कडांना व्हॅसलिनसारखं साधं मलम, चार ते सहा आठवडे शरीरसंबंध नाहीत. वैद्यकीय बाजू इथे संपते आणि मनाची सुरू होते, ती अशी: शस्त्रक्रियेआधी थेंबथेंब होणारी लघवी आता धारेने, आवाज करत होते. बाजूच्या संडासात कोणी असेल तर बाई कानकोंडी होते. तिच्या समाजात कित्येकदा हळू, बिनआवाजी लघवी हे चांगल्या घरच्या मुलीचं लक्षण मानलेलं असतं. अंग उघडं, ओलं, गार वाटतं. व्रणाखाली झाकलेला भाग पहिल्यांदा कपड्याला लागतो, तो सुरुवातीला झोंबतो. हे कोणी आधी सांगितलं नाही, तर बाईला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि ती पुन्हा शिवून द्या म्हणायला येते. पुन्हा शिवणं इंग्लंडमध्ये गुन्हा आहे. म्हणून ही माहिती देणारी अर्ध्या तासाची भेट शस्त्रक्रियेइतकीच गरजेची.

जे मिळत नाही ते शिश्निकेची पुनर्रचना. फ्रान्समध्ये शल्यविशारद पिएर फोल्देस यांनी ही पद्धत विकसित केली आणि २००४पासून तिथला सरकारी विमा तिचा खर्च उचलतो. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५च्या मार्गदर्शिकेत ती करू नये असं म्हटलं: गुंतागुंत जास्त, फायद्याचा ठोस पुरावा नाही. फोल्देस यांच्या २०१२च्या अभ्यासात जवळजवळ ३,००० बायकांपैकी ८६६ जणीच वर्षभराने तपासणीला आल्या होत्या, त्यामुळे कॉलेजची शंका अगदी निराधार नाही. पण ‘इथे होत नाही’ एवढ्यावर बोळवण करणं चूक आहे. ज्या बाईला ही शस्त्रक्रिया हवी असते तिला बहुतेकदा शेंड्याबरोबर स्वतःवरचा हक्कही परत हवा असतो, आणि त्यावर बोलायला समुपदेशक लागतो.

मनाचा उपचार: सगळ्यात चांगला आणि सगळ्यात तोकडा भाग

सेनेगलच्या डाकार शहरात झालेला आणि २००५मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. खतना झालेल्या २३ बायकांमध्ये आघातानंतरच्या तणावाचा विकार, म्हणजे पीटीएसडी, ३० टक्क्यांहून अधिक जणींत आढळला. नमुना लहान, पण त्याने एक गैरसमज मोडला, की जिथे सगळ्याच मुलींचं होतं तिथे मनाला काही लागत नाही. नेदरलँड्समध्ये स्थलांतरित झालेल्या ६६ आफ्रिकन बायकांच्या २०१२च्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश जणींना चिंता किंवा नैराश्याची लक्षणं होती आणि सहांतल्या एकीला पीटीएसडीची. याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की बऱ्याच जणींना असा विकार नव्हता. क्लिनिकमध्ये आलेल्या प्रत्येक बाईला समुपदेशकाकडे ढकलणं म्हणूनच बरोबर नाही. तिला फक्त लघवीचा त्रास दूर करून हवा असेल तर तेवढंच करावं.

ज्यांना त्रास आहे त्यांचा त्रास उफाळतो केव्हा, यालाही नेम असतो. लग्नाची पहिली रात्र, पहिलं बाळंतपण, आणि मुलगी त्या वयाची होणं. आपण सात वर्षांचे होतो तेव्हा किती लहान होतो हे बाईला स्वतःच्या सात वर्षांच्या मुलीकडे बघून कळतं, आणि मग आईबद्दलचा प्रश्न उभा राहतो. आणखी एक वेळ म्हणजे स्थलांतर. गावात सगळ्याच तशा असल्यामुळे जे साधं वाटत होतं, ते युरोपातल्या पहिल्या डॉक्टरचा चेहरा पडताना पाहून विचित्र ठरतं. लाज त्या क्षणी जन्माला येते. म्हणून क्लिनिकमधल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भावसुद्धा उपचाराचाच भाग समजावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांत चिंता, नैराश्य आणि पीटीएसडी असलेल्या अशा बायकांसाठी विचार-वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, सुचवला. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या पीटीएसडीवरच्या सूचनांत आघातकेंद्री सीबीटीची साधारण ८ ते १२ सत्रं सांगितली आहेत, गरज असेल तर अधिक. कागदावर हे ठीक आहे. एका मोटार अपघातानंतर १२ सत्रं पुरतातही. पण इथे आघात एकावर एक रचलेले असतात: खतना, मग अनेकींच्या बाबतीत युद्ध, छावणी, प्रवास, पहिली रात्र, कापून-शिवून झालेली बाळंतपणं. पहिल्या चार-पाच बैठका तर विश्वास बसण्यातच जातात, दुभाषी असेल तर वेळ दुप्पट. गाडी रुळावर येते आणि सत्रं संपतात. ‘गरज असेल तर अधिक’ हे शब्द वापरण्याचा अधिकार क्लिनिकच्या समुपदेशकाला असायला हवा, पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थापकाला नव्हे. आमची या सेवेवरची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

दुसरी अडचण कौशल्याची. इतर आघातांत दुखावणारा माणूस बहुधा परका किंवा शत्रू असतो. इथे तो आई, आजी, मावशी असते, आणि तिने ते मुलीचं भलं व्हावं, लग्न जमावं, कोणी हिणवू नये म्हणून केलेलं असतं. सुदानमध्ये ‘घल्फा’ आणि गांबियात ‘सोलिमा’ या न कापलेल्या मुलीला दिल्या जाणाऱ्या शिव्या आहेत, त्या ऐकून मोठ्या झालेल्या आईला दुसरा रस्ता दिसलाच नसेल. बाई दर रविवारी त्याच आईला फोन करते, पैसे पाठवते. अननुभवी समुपदेशक तिला “आईवर राग येतो का?” असं थेट विचारतो, आणि बाई पुन्हा येत नाही. जाणकार समुपदेशक आधी दोन्ही गोष्टींना जागा देतो: आईने प्रेमाने केलं, आणि त्या मुलीवर अन्याय झाला. यांतलं एक निवडायची सक्ती नसली की बाई बोलू लागते.

गटात बसून बोलणं याला चांगलं पूरक आहे. लायला हुसेन यांनी लंडनमध्ये सुरू केलेला डाहलिया प्रोजेक्ट हा ब्रिटनमधला या विषयावरच्या खास समुपदेशनाचा पहिला उपक्रम मानला जातो. गटात एकीला पहिल्यांदा कळतं की चित्रपटातलं ऑपरेशन बघून टीव्ही बंद करणारी आपण एकटीच नाही. पण गटात कोणाला घ्यायचं हे जपून ठरवावं लागतं. एकाच मशिदीत जाणाऱ्या दोघी समोरासमोर आल्या तर दोघीही गप्प बसतात.

शरीरसंबंधांबद्दलचं समुपदेशन काही क्लिनिकमध्ये उत्तम, काहींमध्ये नावापुरतं. भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू इतके आवळतात की शिवण उघडूनही दुखणं थांबत नाही. तिथे फिजिओथेरपिस्ट हवा, श्वासाचे व्यायाम हवेत, योनी सैल करायला वापरायचे हळूहळू वाढत्या आकाराचे डायलेटर हवेत. आणि नवरा हवा. पुष्कळ नवरे स्वतः घाबरलेले असतात, दुखेल म्हणून जवळच येत नाहीत, आणि बाईला वाटतं आपण नकोशा झालो. दोघांना एकत्र बसवून झालेल्या दोन भेटींनी जे होतं ते एकटीच्या दहा भेटींनी होत नाही.

नोंदी आणि पोलीस

एप्रिल २०१५पासून इंग्लंडमध्ये खतना झालेल्या बाईची माहिती दवाखान्यातून एका केंद्रीय नोंदसंचात जाते. प्रसिद्ध होते ती फक्त आकडेवारी, पण पाठवताना तिची ओळख पटवणारा तपशील असतो. तिला हे सांगणं बंधनकारक आहे, तिची संमती मात्र लागत नाही. ऑक्टोबर २०१५पासून १८ वर्षांखालच्या मुलीचा खतना झाल्याचं आढळलं तर डॉक्टर, नर्स, शिक्षक यांनी पोलिसांना कळवणं सक्तीचं झालं. प्रौढ बाईच्या बाबतीत ही सक्ती नाही. मात्र तिला मुली असतील तर त्यांना धोका आहे का याची विचारपूस होते.

मुलीच्या रक्षणासाठीची विचारपूस हवीच, त्यात आम्हाला शंका नाही. पण आकडे गोळा करायला नाव-गाव कशाला? बाईला हा फरक कोणी समजावत नाही. तिच्या कानावर ‘रिपोर्ट’ शब्द पडतो, आणि गावाकडच्या म्हाताऱ्या आईला बेड्या पडतील किंवा आपली मुलं सोशल सर्व्हिसवाले नेतील, असं तिच्या मनात येतं. काळजी आणि पाळत एकाच टेबलावरून चालवली की काळजीवरचा विश्वास आधी जातो. चांगल्या क्लिनिकमध्ये पहिल्या पाच मिनिटांतच स्पष्ट सांगतात: तुमच्याबद्दल पोलिसांना सांगायची सक्ती नाही, अमुक माहिती अमुक ठिकाणी जाईल, मुलीला धोका दिसला तर मात्र गप्प बसता येणार नाही. हे शेवटी सांगितलं तर दगा वाटतो.

याच खोलीत एक उपयोगी गोष्ट मिळते, ती आवर्जून मागावी. गृहखात्याचं एक छोटं पत्रक आहे, पासपोर्टमध्ये मावेल एवढं, ज्यात खतना हा गुन्हा असून तो परदेशात नेऊन केला तरी शिक्षा होते असं लिहिलेलं असतं. सुट्टीत मुलीला घेऊन माहेरी जाताना आजीसमोर “मी नको म्हणते” म्हणणं जड जातं. “सरकार मला तुरुंगात टाकेल” म्हणणं सोपं जातं.

मुंबईतल्या बायकांच्या दृष्टीने

दाऊदी बोहरा समाजात खतना, ज्याला खफ्जही म्हणतात, साधारण सातव्या वर्षी होतो, आणि त्यात बहुधा शिश्निकेवरच्या आवरणाचा भाग कापला जातो. फिरायला किंवा खाऊ घ्यायला म्हणून नेलेल्या मुलींना भेंडीबाजारातल्या एखाद्या अनोळखी घराचा जिना आठवतो. २०१८च्या एका भारतीय अभ्यासात ९७ टक्के बायकांनी तो अनुभव वेदनादायक होता असं सांगितलं, आणि सुमारे एक तृतीयांश जणींना त्याचा लैंगिक आयुष्यावर वाईट परिणाम झाला असं वाटत होतं. भारतात यावर स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हे प्रकरण घटनापीठाकडे पाठवलं.

इंग्लंडमध्ये राहणारी बोहरा बाई या क्लिनिकमध्ये गेली तर तिला काय मिळेल? कायद्याने आणि नियमाने सगळं. प्रत्यक्षात रचनेचा बराच भर तिसऱ्या प्रकारावर आहे. तिच्या बाबतीत व्रण इतका बारीक असू शकतो की तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही. “काही झालेलं दिसत नाही, काळजी करू नका” हे दिलासा म्हणून उच्चारलेलं वाक्य तिला खोटं ठरवतं. तीस वर्षं जपलेली आठवण चुकीची होती का, असं वाटून ती स्वतःवरच शंका घेते. बरोबर वाक्य असं: “व्रण दिसत नाही, पण याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही. तुम्हाला जे आठवतं त्यावर आपण बोलू.” शस्त्रक्रियेने सुटेल असं तिच्याकडे काही नसतं, तिला जवळजवळ सगळी गरज मनाच्या उपचाराची असते. सेवा जिथे तोकडी पडते तिथेच नेमकी ती उभी असते.

अशी क्लिनिकची साखळी भारतात नाही. बोलायला जागा म्हणून मुंबईत २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘सहियो’सारख्या संस्थेने बायकांच्या स्वतःच्या शब्दांतल्या कहाण्या पुढे आणल्या आहेत. उपचारासाठी मात्र नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जावं लागतं. तिथल्या डॉक्टरांनी या इंग्लिश क्लिनिककडून उचलावं असं बरंच काही फुकटचं आहे: एक आरसा, लहान स्पेक्युलम, थांबायचा ठरलेला इशारा, आणि पहिल्या भेटीत तपासणी न करण्याची तयारी.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कोणी जायचं ठरवलं तर एनएचएसच्या संकेतस्थळावर सध्या चालू असलेल्या क्लिनिकची यादी आणि वार पाहून घ्यावेत. फोनवरच विचारावं की समुपदेशक त्याच क्लिनिकमध्ये बसतो की दुसरीकडे पाठवतात, आणि दुसरीकडे पाठवत असतील तर तिथली प्रतीक्षा किती. दुभाषी लागणार असेल तर भाषेसोबत ‘बाई हवी, आमच्या शहराबाहेरची हवी’ हेही तेव्हाच सांगून ठेवावं. ऐन वेळी बदल होत नाही.